विमानाला किती वेळ लागतो? गार्डाच्या हिशेबाने

मी भुसावळला रेल्वेत गार्ड होतो. अंतर म्हटलं की डोळ्यापुढे किलोमीटरचा दगड येतो. आकाशात दगड नाहीत, म्हणून लेक दुबईला गेली तेव्हा हा हिशेब नव्याने शिकलो.

आधी अंतर. मोबाइलच्या नकाशात विमानतळावर बोट दाबून धरलं की दोन आकडे येतात, अक्षांश आणि रेखांश. जळगाव विमानतळ २०.९६ आणि ७५.६३, मुंबई १९.०९ आणि ७२.८७. वजाबाकी करा: १.८७ आणि २.७६. अक्षांशाचा एक अंश कुठेही साधारण १११ किलोमीटरचा. रेखांशाचा मात्र उत्तरेकडे जाल तसा आखडत जातो. आपल्याकडून मुंबईपर्यंत १०४.५ धरा. म्हणजे उत्तर-दक्षिण २०८, पूर्व-पश्चिम २८८. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ: ३५५ किलोमीटर. रूळांवरून हेच ४२० भरतं, कारण रूळ मनमाड-नाशिक करत कसाऱ्याचा घाट उतरतात. अमेरिकेसारख्या लांबच्या प्रवासाला हे गणित फसतं. तिथे नातवाचा पृथ्वीगोल घ्या आणि दोन गावांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा उत्तरेकडून जाताना दिसेल. तोच खरा जवळचा रस्ता.

आता वेळ. पंख्याचं एटीआर विमान ताशी ५०० धरा, मोठं जेट ८३०. त्यात अर्धा तास मिळवा: धावपट्टीपर्यंत रांगणं, चढणं, उतरणं, पुन्हा रांगणं. तिकिटावरची वेळ हवेतली नसते. विमान जागेवरून हलल्यापासून जागेवर उभं राहीपर्यंतची असते. रेल्वेत आम्ही शेवटच्या स्टेशनाआधी थोडी ढील ठेवायचो, तशी विमानाच्या वेळेतही थोडी ठेवलेली असते, म्हणून विमान कधी कधी ‘वेळेआधी’ पोचतं. जळगाव-मुंबई: ४३ मिनिटं अधिक ३०, सव्वा तास.

मुंबई-दुबई १९३० किलोमीटर. जेटने दोन तास वीस मिनिटं, अधिक अर्धा तास, पावणेतीनच्या वर. शिवाय उंचावर वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो. जाताना तो तोंडावर, म्हणून सव्वातीन. येताना पाठीवर, तरी तिकिटावरची ढील धरून तीनच्या आसपास. घाट चढणं-उतरणंच म्हणा ना.

आणि इथेच मी फसलो. लेकीच्या तिकिटावर मुंबई १०:००, दुबई ११:४५. म्हटलं, वा भो, पावणेदोन तास! पण तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात आणि दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. जाताना दीड तास मिळवायचा, येताना वजा करायचा. तिकडून १३:०० ला निघून इकडे १७:३० दिसलं तर साडेचार नव्हे, तीन तास.

पावणेदोन तासांच्या भरवशावर हिने वांग्याचं भरीत बांधून दिलं होतं. भुसावळहून मुंबईची रात्रीची गाडी, विमानतळावर तीन तास आधी, मग हे सव्वातीन, पुढे सामानाच्या पट्ट्यासमोर तासभर. हा सगळा वेळ आम्ही कुणीच धरला नव्हता. डबा उघडला तेव्हा भरीत आंबलेलं. आता केळीचे वेफर्स पाठवतो.