करड्या डोक्याच्या बुलबुलाची उत्तर हद्द कशी नोंदवावी

करड्या डोक्याचा बुलबुल पश्चिम घाट सोडून जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही. केरळ, कर्नाटक आणि गोवा असा वर येणारा त्याचा आढळ सिंधुदुर्गाच्या दक्षिण भागात, तिलारी-आंबोलीच्या रानांत, विरळ होत जातो. तो आज संकटासमीप, म्हणजे पुढे धोक्यात येऊ शकणाऱ्या प्रजातींच्या, गटात आहे. दोडामार्ग तालुक्यात रबराच्या लागवडीसाठी जंगल तुटत आले असल्यामुळे ही हद्द आताच काळजीपूर्वक नोंदवणे मला निकडीचे वाटते.

प्रथम परिसराच्या नकाशावर दोन किलोमीटर बाजूचे चौकोन आखावेत. प्रजातीने प्रत्यक्ष व्यापलेले क्षेत्र मोजताना प्रजातीला किती धोका आहे हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मूल्यांकनातही हेच माप वापरतात. व्हाळाकाठची (ओढ्याकाठची) दाट झुडपे, वेत आणि बांबू असलेले चौकोन तर निवडावेतच, परंतु काजू-रबराच्या बागांचेही काही चौकोन घ्यावेत, कारण केवळ आवडत्या जागी शोधले तर पक्षी कोठे नाही हे कधीच कळत नाही.

सकाळी लवकर जावे आणि प्रत्येक ठिकाणी ठरावीक वेळ, समजा वीस मिनिटे, थांबावे. हा पक्षी दिसण्याआधी बहुधा ऐकू येतो: झुडपातून एकच तीक्ष्ण, धातूवर घासल्यासारखा स्वर येतो. दिसला तर राखी डोके, हिरवट-पिवळे कपाळ, शेवाळी अंग आणि विशेषतः निळसर पांढरा डोळा पाहावा. या डोळ्यामुळे ओळख पक्की होते. स्थान नोंदवताना गाडी उभी केलेली जागा देऊ नये, कारण रस्ता आणि व्हाळ यांत अर्धा किलोमीटर अंतर असले तरी नोंद भलत्याच चौकोनात जाऊ शकते.

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर त्या वेळात ओळखलेल्या सर्व पक्ष्यांची पूर्ण यादी भरावी. बुलबुल न मिळालेली यादीही तितक्याच आस्थेने भरावी.

शेवटी चौकोन तीन रंगांत रंगवावेत: आढळला, शोधूनही आढळला नाही, अद्याप शोधलेच नाही. आढळलेली टोके रेषेने जोडून आतला सगळा भाग त्याचा मानण्याचा मोह टाळावा. त्या रेषेत धरणाचे पाणी, गावे आणि बागाही येतात, आणि तिथे हा पक्षी राहत नाही. एका फेरीत न मिळाल्यास निदान दोन वेगळ्या ऋतूंत पुन्हा जावे. घरटे सापडल्यास लांबूनच परतावे आणि त्याचे नेमके ठिकाण जाहीर नोंदीत देऊ नये.