पाण्यावर जगणाऱ्यांचा माहितीपट: निघण्याआधीची तयारी

पहिल्या फेरीला कॅमेरा नेऊ नका. वही न्या, पेन्सिल न्या (पाणी लागलं की शाई पसरते) आणि त्या माणसांजवळ नुसते बसा. कोणत्या महिन्यात कोणतं जाळं निघतं, कोणत्या दिवशी पाण्यात उतरायचं नसतं, मासळीचे पैसे कुणाच्या हातात येतात, हे लिहून काढा. पडद्यावर नावेवरचे पुरुषच दिसत राहतात. मासळी निवडणं, वाळवणं, विकणं, शिंपले वेचणं ही कामं अनेक ठिकाणी बायका करतात. याच फेरीत त्यांच्याशी बोलणं झालं नाही, तर पुढे चित्रीकरणातही त्या मागेच उभ्या राहतात.

मग पाण्याचं वेळापत्रक. दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या किनाऱ्यावर भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. आज सकाळी उघडा पडलेला चिखल आठवड्याने त्याच वेळी पाण्याखाली असतो. म्हणून चित्रीकरणाचा तक्ता घड्याळावर बेतू नका, उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (लहान भरती-ओहोटी) बघून बेता. नदी किंवा तळं असेल तर एक फेरी भरल्या पाण्यात, एक आटलेल्या पाण्यात करा, आणि ट्रायपॉडच्या जागेवर खूण करून ठेवा. एकाच जागेवरून घेतलेली ती दोन दृश्यं निवेदनापेक्षा जास्त सांगतात.

संमतीला मात्र पुरेसा वेळ द्या, माझ्या मते सगळ्यात जास्त. एक सही घेऊन ती पुरी होत नाही. त्यांच्या भाषेत, वाचता न येणाऱ्यांना तोंडी सांगा की हे कुठे दाखवलं जाईल, पैसे कुणाला मिळतील आणि कधीपर्यंत माघार घेता येईल. पाणी सामायिक असतं, म्हणून एकाची परवानगी पुरत नाही, वस्तीची बैठक लागते. मासे कुठे मिळतात ही तर त्यांची पुंजीच. काठावरचा डोंगर आणि एखादं झाड एका रेषेत आणून जागा ओळखायची रीत अनेक मच्छीमारांकडे आहे. तुमच्या चौकटीत तोच डोंगर, तेच झाड आलं तर जागा जगजाहीर होते. तेव्हा कोणती दिशा टाळायची ते आधीच विचारा, आणि फोनवर, ड्रोनवर फाइलमध्ये जागेची नोंद होत असेल तर ती बंद करा.

आणखी एक प्रश्न वहीत लिहून ठेवा: आज जे होत नाही ते आपण करून घेणार आहोत का? 1934 च्या ‘मॅन ऑफ अ‍ॅरन’साठी माहितीपट दिग्दर्शक रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळच्या बेटावरच्या लोकांकडून मोठ्या शार्कची शिकार करून घेतली. ती रीत कित्येक दशकांपूर्वी बंद पडली होती, लोकांना ती नव्याने शिकवावी लागली. जुनी पद्धत दाखवायचीच असेल तर ‘पूर्वी असं करत’ हे पडद्यावर स्पष्ट सांगा.

सामानाचं थोडक्यात. पाण्याखालच्या कॅमेऱ्याचं जलरोधक आवरण आधी रिकामंच, आत कागदी रुमाल ठेवून बुडवून बघा. रबरी कड्यांवर केस किंवा वाळूचा कण नको. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच मावळतो, म्हणून दिवा हवा, पण तो भिंगापासून बाजूला धरा, नाहीतर गढूळपणाचे कणच चमकतात. हायड्रोफोन (पाण्याखालचा मायक्रोफोन) जरूर न्या. पाण्याखालचा आवाज ऐकवला की तिथली जीवसृष्टी प्रेक्षकाला जवळची वाटते. एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना बूट, दोर, जाळ्या धुवा, निथळवा आणि पूर्ण वाळवा, म्हणजे उपरे जीव आणि रोग तुमच्याबरोबर जाणार नाहीत. नावेवर जीवरक्षक जाकीट घाला आणि जाळ्याचा दोर धावतो तिथे कधीही उभे राहू नका.

शेवटी पहिला खेळ. 1967 मध्ये कॅनडाच्या फोगो बेटावर दिग्दर्शक कॉलिन लो यांच्या चमूने मच्छीमारांच्या छोट्या फिल्म केल्या आणि त्या आधी बेटावरच दाखवल्या. तसंच करा. पडदा, प्रोजेक्टर आणि विजेची सोय नोंदवा, कुणीही पाण्यावर नसेल अशी रात्र त्यांनाच विचारून ठरवा, आणि लोकांनी सांगितलेले बदल करायला संपादनाचे काही दिवस राखून ठेवा. त्या फेरीचा खर्च अंदाजपत्रकात आत्ताच लिहा, कारण संपादन संपेपर्यंत पैसे उरत नाहीत.