ऑफ-रोड गाडीच्या स्टिअरिंगसाठी जॉइंट निवडताना

जिप्सी किंवा जुनी जीप यांसारख्या, सलग पुढच्या ॲक्सलच्या आणि कमानपाट्यांवर उभ्या असलेल्या गाडीत स्टिअरिंग बॉक्सपासून चाकांपर्यंतचे सगळे काम मुख्यतः दोन दांड्या करतात. पिटमन आर्मपासून (स्टिअरिंग बॉक्सला लागलेला, स्टिअरिंगबरोबर फिरणारा आर्म) निघते ती ड्रॅग लिंक आणि दोन्ही बाजूंचे नकल (ॲक्सलच्या टोकाचे, चाकासकट वळणारे भाग) एकमेकांना जोडतो तो टाय रॉड. ब्रेकने दगा दिला तर हँडब्रेक आणि खालचा गिअर तरी हाताशी असतो. पण या दांड्यांच्या टोकाचा एखादा जॉइंट निसटला, तर ते चाक चालकाच्या ताब्यात राहत नाही आणि दुसरा कोणताही उपाय उरत नाही. म्हणूनच या जॉइंटची निवड किंमत किंवा दिसणे पाहून न करता मोजमाप घेऊनच करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पर्याय मुख्यतः दोन आहेत. पहिला नेहमीचा टाय रॉड एंड, ज्यात निमुळत्या दांड्याचा बॉल बंद वाटीत बसलेला असतो, वर रबरी बूट म्हणजे आवरण असते आणि चांगल्या प्रतीच्या जॉइंटला ग्रीस निपलही असतो. दुसरा रॉड एंड, ज्याला हाइम जॉइंट असेही म्हणतात. यात आरपार भोक असलेला गोळा उघड्या कड्यात फिरतो आणि तो सरळ बोल्टने बसवला जातो.

निवडीचा पहिला निकष कोन हा आहे. गाडी उंच केली की स्टिअरिंग बॉक्स चेसीसबरोबर वर जातो, ॲक्सल मात्र खालीच राहतो आणि ड्रॅग लिंक तिरपी होते. हा तिरपेपणा सपाट जमिनीवर मोजून उपयोग नाही. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत, चेसीस जॅकने उचलून घोड्यांवर भक्कम टेकवावी आणि ॲक्सल पूर्ण खाली लोंबू द्यावा. ड्रॅग लिंकची लांबी 900 मिमी असेल आणि तिच्या दोन टोकांच्या उंचीत 250 मिमी फरक पडत असेल, तर दांडी सुमारे 16 अंश तिरपी झाली आहे, असे समजावे. त्यानंतर एकच चाक वर उचलून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून पुन्हा पाहावे. कारण पिटमन आर्मकडच्या जॉइंटला चेसीसच्या तुलनेत कोन सोसावा लागतो, तर नकलकडच्या जॉइंटला कललेल्या ॲक्सलच्या तुलनेत, आणि हे दोन कोन सारखे नसतात. कोणत्याही स्थितीत बॉलची मान वाटीच्या कडेला टेकत असेल, तर तो जॉइंट त्या गाडीसाठी अपुरा आहे. तिथे मान टेकून दांडा वाकतो आणि एक दिवस तुटतो.

अशा वेळी अनेकजण थेट रॉड एंडकडे वळतात. गोळ्याच्या दोन्ही बाजूंना निमुळते स्पेसर (भोकात बसणाऱ्या पोकळ कड्या) लावले की रॉड एंड खूप मोठा कोन सहज देतो, हे खरे आहे. मात्र त्या स्पेसरमुळे बोल्ट बारीक होतो. 3/4 इंच भोकाच्या रॉड एंडमध्ये 5/8 किंवा 1/2 इंचाचाच बोल्ट मावतो आणि सगळा भार त्या बोल्टवर येतो. तो बोल्ट एकाच बाजूने धरलेला असेल, तर प्रत्येक धक्क्याला तो वाकू पाहतो. दोन पट्ट्यांच्या मध्ये रॉड एंड बसवून बोल्ट दोन्ही बाजूंनी धरला, तर हा धोका बराच कमी होतो. जिथे एकाच बाजूने धरण्याशिवाय गत्यंतर नसेल, तिथे बोल्टच्या डोक्याखाली कड्याच्या भोकापेक्षा मोठा वॉशर लावावाच, म्हणजे गोळा निसटला तरी दांडी बोल्टवरून सुटून पडत नाही. आणखी एक चूक वारंवार दिसते: नकलच्या निमुळत्या भोकात सरळ बोल्ट घालून तो आवळला जातो. असा बोल्ट फक्त अरुंद टोकाला टेकतो आणि बाकी सगळीकडे डुगडुगतो. भोक सरळ करून त्यात अचूक मापाची बुश म्हणजे धातूची पोकळ नळी बसवावी लागते आणि नकलच्या आर्मची उरलेली जाडी पुरेशी आहे का, हेही तपासावे लागते.

निमुळत्या दांड्याच्या बाबतीतही सगळे टेपर, म्हणजे निमुळतेपणाची प्रमाणे, एकसारखे नसतात. 1:8 आणि 1:10 हे दोन्ही प्रचारात आहेत. दुसऱ्या गाडीचा जॉइंट बसवायचा असल्यास दांड्याला निळ्या मार्किंग शाईचा पातळ थर लावून तो भोकात दाबून फिरवावा. शाई पूर्ण लांबीभर सारखी पुसली गेली तरच जोड योग्य आहे; एकाच टोकाला कडे उमटले, तर तो जॉइंट परत करावा.

दुसरा निकष चिखल हा आहे. सह्याद्रीत आणि कोकणात पावसाळ्यात चालणाऱ्या गाडीचा फाटलेला बूट बोटांनी दाबून पाहावा. ग्रीसऐवजी लाल मातीचा खरखरीत रगडा बाहेर येतो आणि तोच बॉल झिजवत असतो. बूट शाबूत असेल, तर मात्र टाय रॉड एंड ही माती बाहेर ठेवतो. रॉड एंडला मुळात तसे आवरण नसते, म्हणून वेगळे रबरी सील घ्यावेत. टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या रॉड एंडला ग्रीस लावू नये, कारण ग्रीसला चिकटलेली रेती अस्तर खाते. धातूवर धातू फिरणाऱ्या रॉड एंडला मात्र वंगण हवेच.

म्हणून रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी, मोजलेल्या कोनात बसणारा, बंद आणि ग्रीस भरता येणारा टाय रॉड एंडच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ट्रेलरवरून स्पर्धेला नेल्या जाणाऱ्या आणि प्रत्येक फेरीनंतर तपासल्या जाणाऱ्या गाडीला रॉड एंड शोभतो. रस्त्यावरच्या गाडीत असे बदल करण्यापूर्वी मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 मधील फेरफारांवरील बंधने समजून घ्यावीत आणि आरटीओकडे विचारणा करावी.

बसवताना रॉड एंडचा आटा दांडीत व्यासाच्या किमान दीडपट आत गेला पाहिजे. टाय रॉड एंडचा कॅसल नट (वर खाचा असलेला नट) ठरलेल्या टॉर्कला आवळल्यावर स्प्लिट पिनचे भोक जुळले नाही, तर नट सैल न करता पुढच्या खाचेपर्यंत आवळावा. काम झाल्यावर टो (पुढची चाके एकमेकांकडे किती झुकली आहेत ते) तपासून घ्यावा आणि प्रत्येक लॉक नटवरून दांडीपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढावी. पहिल्या खडकाळ फेरीनंतर एकाने स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने प्रत्येक जॉइंटवर तळहात ठेवावा. हाताला ठोका जाणवला किंवा ती रेघ तुटलेली दिसली, तर गाडी तिथेच थांबवावी.