बाळंतपणाच्या खोलीतून डिजिटल आरोग्याकडे, नोकरी सांभाळून

मी आरोग्य उपकेंद्रातली एएनएम, म्हणजे सहाय्यक परिचारिका-प्रसविका. माझ्यासारखीला डिजिटल आरोग्याच्या क्षेत्रात यायचं तर कोडिंगपासून नाही, आपल्या आरसीएच रजिस्टरपासून, म्हणजे गरोदर माता आणि बालकांच्या नोंदवहीपासून सुरुवात करा. एकेक रकाना घ्या आणि लिहून काढा: ही माहिती कोण देतं, कधी देतं, पुढे कोण वाचतं? शेवटच्या पाळीची तारीख चुकली की बाळंतपणाची अपेक्षित तारीख चुकते, मग तपासणीचा निरोपही भलत्याच आठवड्यात जातो. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना हे आपणच सांगू शकतो. आपलं खरं बळ तेच.

मग १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे रुग्णाचा डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक, कसा चालतो आणि रुग्णाची संमती कशी घेतात ते शिका. अभ्यासक्रम मुक्त विद्यापीठाचा बरा. रात्री बाळंतपण झालं असेल तर सकाळी पुस्तक उघडू नका, आधी झोपा. आणि प्रकल्पात खऱ्या बायकांची नावं कधीही वापरू नका. नमुन्याच्या नोंदी स्वतः तयार करा.