सिलिंडरने उतरवलेला माज: फंक्शनल ट्रेनिंग करताना या चुका टाळा

आठ वर्षांपूर्वी जिममध्ये माझी लेग प्रेस (बसून पायांनी वजन ढकलायचं यंत्र) १०० किलोची होती आणि मला त्याचा चांगलाच माज होता. एका रविवारी गॅसवाला भरलेली टाकी दाराशी ठेवून गेला. ती आत न्यायची म्हणून मी कमरेत वाकले, वरची कडी दोन्ही हातांनी धरली आणि हिसका मारला. पाठीत उसण भरली. पुढचे चार दिवस चूळ भरायला वाकतानाही बेसिनचा आधार घ्यावा लागला. सासूबाई गरम पाण्याची पिशवी देता देता एवढंच म्हणाल्या, "अगं, टाकी उचलायची नसते. कलती करून फिरवत न्यायची असते."

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकामी टाकी साधारण १५-१६ किलोची. म्हणजे भरलेली टाकी ३० किलोच्या आसपास. शंभर किलो ढकलणाऱ्या पायांची तीस किलोंपुढे फजिती का व्हावी? लेग प्रेसवर पाठ गादीला टेकलेली असते, वजन रुळावरून सरळ वरखाली होतं, तोल सांभाळायचा नसतो. टाकीला गादी नाही की रूळ नाहीत. ती पायाशी असते, पकडायला अडनिडी असते आणि तिच्यासाठी पाय, खुबे, पाठ, हाताची पकड सगळ्यांना एकाच वेळी कामाला लागावं लागतं. शरीराला ज्या कामाचा सराव द्याल, त्याच कामात ते तयार होतं. फंक्शनल ट्रेनिंगचं, म्हणजे रोजच्या कामांसाठी शरीर तयार करणाऱ्या व्यायामाचं, सगळं शास्त्र त्या एका गोष्टीवर उभं आहे.

त्यानंतर मी हेच शिकले आणि आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी सहाची बॅच घेते. तिथे दिसणाऱ्या चुका जवळपास त्याच त्या असतात. त्यातल्या काही मी स्वतः केलेल्या आहेत.

सर्कस म्हणजे फंक्शनल नव्हे

रील बघून येणारी मंडळी पहिल्या दिवशी विचारतात, "मॅडम, तो अर्धा चेंडू नाही का तुमच्याकडे?" त्या डुगडुगत्या अर्ध्या चेंडूवर एका पायावर उभं राहून हातात डंबेल घ्यायचे, हे त्यांच्या डोक्यातलं फंक्शनल. आपण भाजी आणतो ती जमिनीवरून. जमीन हलत नाही, हलतो आपला तोल. चेंडूवर उभं राहिलं की चेंडूवर उभं राहणं सुधारतं. शिवाय तिथे पेलवेल एवढंच हलकं वजन घ्यावं लागत असल्याने ताकदही फारशी वाढत नाही. जाड दोर आपटण्याचंही तसंच. दम वाढतो, मजा येते, जरूर करा. पण त्याने पिठाची गोणी उचलणं सोपं होईल असं समजू नका.

हल्ली उलट्या बाजूचाही एक आग्रह ऐकू येतो: "आपल्या तालमीत हे सगळं होतंच." होतं, खरंय. जोर, बैठका, मुद्गल, मल्लखांब यांत अख्खं शरीर एकजुटीने काम करतं आणि मुद्गलाइतकं खांदे मोकळं करणारं साधन मला तरी दुसरं सापडलेलं नाही. पण पैलवानाच्या शेकडो बैठका कुस्तीसाठी होत्या. पंचावन्नाव्या वर्षी, दहा वर्षांच्या खंडानंतर, पहिल्याच आठवड्यात शंभर बैठका मारल्या तर गुडघे बोलणारच. तुम्हाला आखाड्यात उतरायचंय की पर्वतीच्या १०३ पायऱ्या न थांबता चढायच्यात, ते आधी ठरवा.

म्हणून मी नव्या माणसाला व्यायाम सांगण्याआधी कागद देते. आठवड्यात अंगाला जड जाणाऱ्या तीन गोष्टी लिहायच्या. कोणी लिहितं "माळ्यावरून डबा काढणे", कोणी "नातवाला कडेवर घेणे", एका काकांनी लिहिलं होतं, "लोकलमध्ये उभं राहून डोंबिवली." त्या कागदावरून व्यायाम ठरतो.

"मी दिवसभर घरातच राबते, वेगळा व्यायाम कशाला?"

हा प्रश्न बायकांचा, आणि तो सहसा घरातल्या पुरुषांनी त्यांच्या डोक्यात घातलेला असतो. घरकामाने हालचाल होते, दमायला होतं, त्याचा उपयोगही आहे. पण झाडू दर महिन्याला जड होत नाही. स्नायूला कालच्यापेक्षा थोडं जास्त ओझं मिळालं तरच तो वाढतो. नाहीतर तो आहे तेवढ्यावर थांबतो आणि तिशीनंतर हळूहळू घटायला लागतो. दुसरं म्हणजे घरकाम एकांगी असतं. मूल कायम डाव्या कडेवर, बादली कायम उजव्या हातात, ओट्याशी तासन् तास पुढे झुकून. जो भाग राबतो तोच राबतो.

दोन किलोचे गुलाबी डंबेल

बॅचमधल्या एक ताई दोन वर्षं दोन-दोन किलोचेच डंबेल वापरत होत्या. बाजारातून येताना मात्र एका हातात दहा किलो पीठ आणि दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. म्हणजे व्यायामापेक्षा बाजारच जड!

यामागचं गणित सोपं आहे. खुर्चीतून उठायला तुमच्या पायांची ऐंशी टक्के ताकद खर्च होत असेल, तर दिवसातलं प्रत्येक उठणं म्हणजे जवळजवळ कमाल जोर लावणं. दहा वेळा उठलात की दमलात. ताकद दुप्पट झाली तर त्याच उठण्याला चाळीस टक्के पुरतात आणि उरलेली गाठीशी राहते. संध्याकाळी जिना चढताना, पाय घसरला तर सावरताना, तीच कामी येते. रोजच्या कामापुरती ताकद असणं म्हणजे महिनाअखेरीला खिसा रिकामा असणं.

तेव्हा वजन वाढवा, पण बेताने. एखादं वजन नीट ढबीत बारा वेळा उचलता आलं आणि अजून दोन-तीन वेळा जमलं असतं असं वाटलं, की पुढच्या वेळी थोडं जड घ्या. घरी करणार असाल तर पाण्याचा कॅन उत्तम: एक लिटर म्हणजे एक किलो, मोजायला सोपं. वाहून नेण्याचा सराव तर सगळ्यांनीच करावा. पाच लिटरचा कॅन एका हातात, ताठ उभं राहून चाळीस पावलं, मग हात बदलून परत. वजन एकाच बाजूला असलं की दुसऱ्या बाजूची कंबर ते तोलायला झटते. पाठीवर आडवं पडून मारलेल्या पन्नास क्रंचपेक्षा मला हे जास्त आवडतं.

वाकायचं कुठून?

माझी स्वतःची चूक हीच होती. "कमरेत वाक" असं आपण म्हणतो आणि खरोखरच कमरेत वाकतो. जड उचलताना मोड पडायला हवी ती खुब्यात, म्हणजे मांडी जिथे धडाला मिळते त्या सांध्यात. भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभ्या राहा. गुडघे किंचित सैल. आता खाली वाकायचं नाही, ढुंगण मागे नेऊन भिंतीला टेकवायचं. धड आपोआप पुढे झुकतं. पाठीवर झाडूचा दांडा उभा धरला तर तो डोक्याला, दोन खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडाच्या वर असा तिन्ही ठिकाणी टेकलेला राहिला पाहिजे. एखादी जागा सुटली की समजावं, पाठ वळली. बहुतेकांना हे जमायला आठवडा लागतो. जमलं की पाऊल एकेक करून भिंतीपासून पुढे सरकायचं आणि मग हातात कॅन घ्यायचा.

ओझं अंगाला जितकं जवळ, तितका पाठीवर भार कमी. हातभर लांबून उचललेली पाच किलोची बादलीसुद्धा पाठीला चांगलीच कळते. टाकीच्या बाबतीत सासूबाईंचं खरं: तिच्याजवळ उभं राहायचं, वरची कडी धरून ती स्वतःकडे किंचित कलती करायची आणि खालच्या कड्यावर गोल फिरवत न्यायची. आडवी लोळवायची नाही. कुठे चढवायची असेल तर दोघांनी.

पण याचा अतिरेकही पाहिलाय. एकदा पाठ धरलेली माणसं इतकी घाबरतात की जमिनीवर पडलेलं पेन उचलायलाही कवायत करतात. पाठ काचेची नसते. हलकी वस्तू उचलताना ती वळली तर काही बिघडत नाही. न वळवता ठेवलेली पाठ उलट आखडते.

जमिनीशी काडीमोड

डायनिंग टेबल, सोफा, कमोड, ऑफिसची खुर्ची. सगळं गुडघ्याच्या उंचीचं. पंगतीत बसायची वेळ आली की मग "मला खुर्ची द्या हं." वर्षानुवर्षं आपण त्या उंचीच्या खाली जातच नाही आणि मग जाता येईनासं होतं. खाली बसता न येणं एक वेळ चालेल. कधी पडलात तर उठता येत नाही, ही खरी भीती.

त्यामुळे माझ्या बॅचमध्ये साठीपुढच्या सगळ्यांना सगळ्यात आधी जमिनीवरून उठायला शिकवते. बसल्या जागी एका कुशीला वळायचं, दोन्ही तळहात टेकायचे, लहान बाळासारखं चार पायांवर यायचं. मग एक पाऊल पुढे आणून पूर्ण टेकवायचं, दुसरा गुडघा जमिनीवरच. दोन्ही हात पुढच्या मांडीवर, किंवा शेजारी भक्कम खुर्ची असेल तर तिच्यावर. नाक पुढच्या गुडघ्याच्या वर आणायचं आणि पुढच्या पायाने जमीन ढकलत उभं राहायचं. नाक मागे राहिलं की माणूस परत बुडावर बसतो. दहातल्या आठ जणांचं तिथेच अडतं.

एवढं खाली झेपत नसेल तर खुर्चीवर दोन उशा ठेवून उठबस सुरू करा. हात छातीवर. जमलं की एक उशी काढा, मग दुसरी, मग बुटकं स्टूल, शेवटी पाट. गुडघा बदललेल्यांनी मात्र मांडी घालायची की नाही, उकिडवं बसायचं की नाही, हे आपल्या सर्जनला विचारल्याशिवाय ठरवू नये.

तोलाचंही जाता जाता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात सगळ्या प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगितलेत आणि ६५ च्या पुढे त्यात तीन दिवस तोलाच्या व्यायामांची भर घातली आहे. ओट्याला एक बोट लावून एका पायावर दहा सेकंद, चहा उकळेपर्यंत दोन्ही पायांवर आलटून पालटून. २०२२ मध्ये ५१ ते ७५ वयाच्या १७०२ जणांच्या अभ्यासात ज्यांना दहा सेकंद उभं राहता आलं नाही त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. व्हॉट्सॲपवर त्याचं "एका पायावर उभे राहा, आयुष्य वाढवा" झालं. अभ्यासात तसं म्हटलेलं नाही. तोल जाणं हे आत काहीतरी ढेपाळल्याचं लक्षण आहे, एवढाच त्याचा अर्थ.

अडतंय कुठे?

खाली बसताना टाचा उचलल्या जातात? घोटा आखडलाय. भिंतीपासून चार बोटांवर पाऊल ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. लागला की पाऊल मागे घेत चला. दहा सेंटिमीटरपर्यंत जमलं की पुरे. तोवर टाचांखाली पातळ फळी घेऊन बैठका मारल्या तरी चालेल. आणि "गुडघे बोटांच्या पुढे जाता कामा नयेत" हे डोक्यातून काढून टाका. निरोगी गुडघा पुढे जाण्यासाठीच बनलाय. त्याला जबरदस्तीने मागे अडवलं की भार खुब्यावर आणि कमरेवर जातो.

जिना चढताना ठीक, उतरताना गुडघ्याच्या वाटीजवळ दुखतं? तुम्ही फक्त चढण्याचा सराव केलाय. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात जात ब्रेक लावतो, ते काम वेगळं. बुटक्या पायरीवरून एक पाय तीन सेकंद घेत खाली न्या, टाच हलकेच टेकवा, परत वर. सिंहगड चढून खाली येताना ज्यांचे पाय लटपटतात त्यांनाही हेच.

माळ्यावर डबा ठेवताना कंबर दुखते? बहुतेक वेळा दोष खांद्याचा. भिंतीला पाठ लावून हात सरळ वर न्या. अंगठे भिंतीला टेकण्याआधीच बरगड्या पुढे येत असतील, तर खांद्याचं न जमलेलं काम कंबर करतेय. आधी खांदे मोकळे करा, डबा नंतर. आणि ओझं घेऊन वळताना पावलं वळवा, नुसतं धड पिळू नका.

जोर लावताना श्वास कोंडू नका, रक्तदाब असेल तर मुळीच नाही. उचलताना सोडा, ठेवताना घ्या.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखणं ठीक. सांध्यात टोचणारं दुखणं ठीक नाही; वजन कमी करा. पायात मुंग्या, बधिरपणा असेल तर डॉक्टर गाठा. छातीत दुखलं, किंवा लघवीवरचा ताबा गेल्यासारखं वाटलं तर उद्यावर टाकू नका, तडक हॉस्पिटलात जा.

आणि मोजा. न मोजणं हीदेखील चूकच, फक्त ती कोणाला चूक वाटत नाही. हात छातीवर बांधून तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. साठ ते चौसष्ट वयात बायकांना बारापेक्षा कमी आणि पुरुषांना चौदापेक्षा कमी जमलं तर पायांवर काम करायला हवं. आमच्या बॅचमधल्या एक काकू हा आकडा दर महिन्याच्या एक तारखेला स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लिहितात, दुधाच्या हिशेबाशेजारी. जूनमध्ये नऊ होता, ऑक्टोबरमध्ये तेरा. दूध तेवढंच येतं.