वक्र पृष्ठभागावरील वस्तूचे त्वरण कसे काढावे

साताऱ्यात अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्र शिकवताना एक चूक मला दरवर्षी वह्यांमध्ये सापडते. उतारावरील ठोकळ्याच्या गणितांवर हात बसलेला असतो, म्हणून वस्तू वाटोळ्या पृष्ठभागावरून घसरू लागली तरी लंब बल, म्हणजे पृष्ठभाग वस्तूला स्वतःशी काटकोनात देतो तो रेटा, ‘वजन गुणिले कोसाइन’ असे लिहून विद्यार्थी पुढे जातात. सपाट उतारावर ते बरोबर असते, कारण तेथे पृष्ठभागाला लंब असलेल्या दिशेने त्वरण शून्य असते. वक्र पृष्ठभागावर मात्र वाट क्षणोक्षणी वळत असते आणि त्या वळण्यासाठी लंब दिशेनेही त्वरण असावेच लागते.

म्हणून पहिली सवय अशी लावून घ्यावी की आडवा-उभा अक्ष न घेता, वस्तू ज्या बिंदूवर आहे तेथे वाटेची स्पर्शिका काढावी आणि तिला लंब रेषा वक्रतेच्या केंद्राकडे, म्हणजे तेथील वळणाशी जुळणाऱ्या वर्तुळाच्या केंद्राकडे काढावी. त्या वर्तुळाची त्रिज्या ती वक्रता त्रिज्या. त्वरणाचे दोन घटक याच दोन रेषांवर मिळतात. स्पर्शिकेवरील घटक चाल वाढवतो किंवा घटवतो, तर लंब रेषेवरील घटक फक्त दिशा बदलतो. त्याचे मूल्य वेग² ÷ वक्रता त्रिज्या इतके असते आणि तो नेहमी केंद्राच्या बाजूला असतो.

घरातली कढई घेऊ. तिचा आकार २० सेंटिमीटर त्रिज्येचा अर्धगोल मानू आणि काठावरून बर्फाचा एक खडा अलगद सोडू. बर्फ वितळून पाण्याचा पातळ थर होतो, त्यामुळे घर्षण सोडून देता येते. खड्यापासून केंद्रापर्यंतची रेषा उभ्या रेषेशी जो कोन करते, तो आपला कोन. स्पर्शिकेच्या दिशेने गुरुत्वाचा घटकच काम करतो, म्हणून तेथील त्वरण गुरुत्वत्वरण × साइन इतके येते. लंब बल या दिशेत येतच नाही, त्यामुळे त्याची चिंता येथे करू नये.

आता वेग हवा. तो काढण्यासाठी त्वरणाची बेरीज करीत बसण्यापेक्षा ऊर्जा अक्षय्यतेचा नियम वापरावा, कारण लंब बल हालचालीला नेहमी लंब असते आणि काहीच कार्य करीत नाही. खडा काठापासून त्रिज्या × कोसाइन इतका खाली आलेला असतो; म्हणून वेग² = २ × गुरुत्वत्वरण × त्रिज्या × कोसाइन. त्रिज्येने भागले की लंब त्वरण मिळते: २ × गुरुत्वत्वरण × कोसाइन. त्रिज्या गणितातून निघून जाते, म्हणजे कढई लहान असो वा मोठी, हे त्वरण तेच राहते.

लंब बल सर्वांत शेवटी काढावे. लंब बलातून वजनाचा लंब घटक वजा केला की वस्तुमान × लंब त्वरण उरते. यावरून लंब बल ३ × वजन × कोसाइन येते. सवयीने लिहिलेले उत्तर याच्या फक्त एक तृतीयांश असते. तळाशी खड्याचा वेग सेकंदाला सुमारे २ मीटर होतो, स्पर्शिकेवरील त्वरण शून्य होते, पण एकूण त्वरण शून्य होत नाही, ते १९.६ मीटर प्रति सेकंद² इतके, थेट वरच्या दिशेला असते. उलट, समोरच्या काठावर खडा क्षणभर थांबतो तेव्हा वेग शून्य असतो आणि त्वरण पूर्ण ९.८, खालच्या दिशेला. वेग आणि त्वरण एकत्र शून्य होतात ही समजूत या दोन बिंदूंवरच मोडून काढावी. मला स्वतःला यातला तिसरा बिंदू फार आवडतो: कोन सुमारे ५४.७ अंश असताना एकूण त्वरण अगदी आडवे असते. दोन्ही घटकांचे वर-खालचे भाग तेथे एकमेकांना नेमके फेडतात. विद्यार्थ्यांनी हे स्वतः करून पाहावे.

खड्याऐवजी काचेची गोटी घेतली आणि ती न घसरता घरंगळत गेली, तर ऊर्जेचा काही भाग फिरण्यात जातो आणि भरीव गोटीचे स्पर्शिकेवरील त्वरण ५/७ पट होते. वाट वर्तुळाकार नसेल तर त्या बिंदूपुरती वक्रता त्रिज्या घ्यावी.

आता फुगीर पृष्ठभाग. यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाताना दुचाकी एखाद्या उंचवट्यावर येते असे समजू, आणि त्या माथ्याची वक्रता त्रिज्या २० मीटर धरू. येथे केंद्र रस्त्याखाली असते, म्हणून वजनातून वस्तुमान × लंब त्वरण वजा केले की लंब बल मिळते. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने लंब त्वरण ५ येते आणि रस्त्याचा आधार वजनाच्या जेमतेम निम्मा उरतो. ब्रेकची पकड याच आधारावर अवलंबून असते, म्हणून माथ्यावर वेग कमी ठेवावा. सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाला आधार शून्य होतो.

त्याहून अधिक वेगासाठी गणितात लंब बल ऋण येते. रस्ता चाकाला खाली ओढू शकत नाही, त्यामुळे ऋण उत्तराचा अर्थ चाक रस्त्यापासून सुटले असा घ्यावा. गुळगुळीत गोलाच्या माथ्यावरून घसरणारी वस्तूही त्रिज्येच्या एक तृतीयांश इतकी खाली आली की, उभ्या रेषेपासून सुमारे ४८ अंशांवर, अशीच सुटते. तेथून पुढे वरील समीकरणे बाजूला ठेवून, त्या क्षणीचा वेग घेऊन, फेकलेल्या वस्तूचे गणित मांडावे.