अनोळखी जलाशयावर गळ टाकायला जाताना भरवशाचा वाटाड्या कसा निवडावा

बेळगाव जिल्ह्यातील हिडकल किंवा नविलुतीर्थ यांसारख्या मोठ्या जलाशयावर पहिल्यांदाच गळ घेऊन जाणाऱ्याला मासा कुठे लागतो हे जितके कळायला हवे, तितकेच पाणी कुठे दगा देते हेही कळायला हवे, आणि या दोन्ही गोष्टी सांगू शकणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो. घटप्रभेवरील हिडकलच्या राजा लखमगौडा जलाशयाची साठवण क्षमता सुमारे ५१ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, तर मलप्रभेवरील नविलुतीर्थची सुमारे ३७ टीएमसी. पावसाळ्याच्या अखेरीस तुडुंब भरलेले हे पाणी उन्हाळ्यापर्यंत इतके उतरते की ऑक्टोबरात पाहिलेला काठ मे महिन्यात ओळखू येत नाही. हिडकलच्या पोटात गेलेले हुन्नूरचे विठ्ठल मंदिर पाणी ओसरले की उघडे पडते, यावरून पाण्याखाली काय काय दडलेले असेल याची कल्पना यावी. जुन्या भिंती, बांध, विहिरी आणि झाडांचे बुंधे नेमके कुठे आहेत हे नकाशा पाहून कळत नाही. त्या पाण्यावर वर्षानुवर्षे जाळे टाकणाऱ्यालाच ते ठाऊक असते.

आपल्या भागात ‘गाईड’ अशी पाटी लावून बसलेला माणूस क्वचितच भेटतो. प्रत्यक्षात आपण एखाद्या मच्छीमाराला त्याच्या होडीसह दिवसभरासाठी ठरवतो, किंवा त्याच्याशी गाठ घालून देणाऱ्या मध्यस्थाला पैसे देतो. म्हणून शोधाची सुरुवात मोबाईलवरील फोटोंपासून करू नये, काठावरून करावी. जलाशयाजवळच्या गावात मच्छीमारांची सहकारी सोसायटी असेल तर तिथे चौकशी करावी. भोई आणि अंबिग समाजाची जी घरे पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यावर पोसली गेली, त्यांच्याकडे कोणाच्या शब्दाला मान आहे हे दोन-तीन ठिकाणी वेगवेगळे विचारावे. बेळगावच्या मासळी बाजारात गोड्या पाण्याचे मासे विकणाऱ्या मावशींनाही त्यांचा माल कोणत्या जलाशयावरून आणि कोणाकडून येतो हे विचारता येते. एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन माणसांनी एकच नाव सांगितले, तर त्या नावाला वजन आहे असे समजायला हरकत नाही. हॉटेलवाल्याने किंवा रिक्षावाल्याने सुचवलेला माणूस वाईटच असतो असे नाही, पण त्याची पारख काठावरच्या लोकांकडून करून घेतल्याशिवाय त्याला होकार देऊ नये.

फोटो दाखवले गेले तर ते माशाकडे न पाहता माशामागच्या काठाकडे पाहून तपासावेत. पाण्याची रेषा कोणत्या मोसमाची आहे, मागची टेकडी किंवा बंधारा त्याच जलाशयाचा आहे का, आणि दोन-तीन फोटोंत तोच माणूस, तीच होडी दिसते का, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो. मोठा मासा हाती धरलेला एक फोटो कोणाकडेही असू शकतो.

खरी परीक्षा फोनवरच्या पहिल्या बोलण्यात होते. ‘कोणता मासा मिळेल?’ असे विचारले की कोणीही मोठ्या माशाचे नाव घेतो. त्यापेक्षा ‘सध्या पाणी कुठवर उतरले आहे, आणि त्यामुळे होडी कुठून काढावी लागेल?’ असे विचारावे. जो परवाच पाण्यावर होता तो ठिकाणाचे नाव घेऊन, चिखल किती आहे आणि गाडी कुठवर जाते हे सांगत उत्तर देतो. त्यानंतर माशांच्या सवयींवर यावे. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगल तळाशी, हे ज्याला ठाऊक आहे तो आमिष कोणते आणि किती खोल सोडायचे हे न अडखळता सांगेल. मरळीबद्दलही आवर्जून विचारावे. या माशाची जोडी आपल्या पिल्लांची राखण करते आणि लालसर पिल्लांचा थवा पाण्याच्या वरच्या अंगाला हलताना दिसतो. अशा वेळी राखणदार मासा गळाला सहज लागतो, पण तो काढला की सगळी पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. तेव्हा ती मरळ सोडून द्यावी असे जो स्वतःहून सांगतो, त्याच्या हाती आपला दिवस सोपवायला माझी कधीही तयारी असेल. याउलट, कोणत्याही मोसमात, कोणत्याही हवेत मासा हमखास मिळवून देतो असे छातीठोकपणे सांगणाऱ्यापासून दूर राहिलेले बरे. चांगला माणूस आपल्यालाही प्रश्न विचारतो: पोहता येते का, सोबत लहान मुले आहेत का, उन्हात किती वेळ बसवेल. हे प्रश्न येत नसतील तर त्याचे लक्ष आपल्या पैशांपलीकडे गेलेले नाही.

परवान्याचा विषय संकोच न करता काढावा. कर्नाटकात गोड्या पाण्यातील मासेमारीचे नियमन १९९६च्या कायद्याने होते, आणि जलाशयांवरील व तलावांवरील मासेमारीचे हक्क मत्स्य खात्याकडून परवान्याने किंवा ठेक्याने दिले जातात. पाण्यात सोडलेल्या मत्स्यबीजावर कोणाचा तरी खर्च झालेला असतो, त्यामुळे गळाने धरलेला मासा घरी नेता येईल की सोडावा लागेल, आणि नेला तर त्याचे पैसे कोणाला द्यायचे, हे आधीच स्पष्ट करून घ्यावे. काठावर सोसायटीच्या माणसांशी वाद घालण्याची वेळ येते ती बहुतेकदा याच एका गोष्टीवरून. पावसाळ्याच्या आरंभी मासे अंडी घालतात त्या काळात मासेमारी बंद ठेवली जाते; त्या वर्षीच्या तारखा खात्याच्या तालुका कार्यालयात विचाराव्यात, आणि ‘बंदी असली तरी मी नेतो’ म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा. धुपदाळच्या बंधाऱ्याभोवतीचा परिसर घटप्रभा पक्षी अभयारण्यात येतो, आणि राकसकोप जलाशयाचे पाणी बेळगाव शहराच्या पिण्याचे आहे. अशा ठिकाणी कोणाच्या तोंडी परवानगीवर विसंबून जाऊ नये. आपल्या सीमाभागात सोयरीक आणि बाजारहाट दोन्ही राज्यांत चालते, पण मासेमारीचा परवाना सीमा ओलांडत नाही. चंदगड तालुक्यातील जंगमहट्टी धरणावर जायचे असेल तर तिथली चौकशी महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडे स्वतंत्रपणे करावी लागते.

जिलेटीनचे स्फोट, ब्लीचिंग पावडर किंवा विजेचा झटका देऊन मासे मारण्याचा विषय वाटाड्याच्या तोंडून गमतीने जरी निघाला, तरी त्या क्षणी व्यवहार थांबवावा. स्फोटके आणि विष वापरून मासे मारण्यावर १८९७च्या कायद्यापासून बंदी आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या पाण्यावर स्वतःचे पोट चालते त्याचीच ज्याला पर्वा नाही, तो आपल्या जिवाची काय करणार?

ठरवण्यापूर्वी, शक्य असेल तर आदल्या दिवशी, होडी प्रत्यक्ष पाहावी. तळाला डांबराची किंवा फायबरची ठिगळे असणे हा दोष नव्हे, पण होडी उपसायला डबा ठेवलेला आहे का, वल्ह्याची जादा जोडी आहे का, आणि इंजिन असेल तर ते बंद पडल्यावर काय करणार, हे विचारावे. लाइफ जॅकेट हातात घ्यावे. आतला फोम बोटांनी दाबून तो भुगा झालेला नाही ना हे पाहावे, पट्टे जोरात ओढून शिवण तपासावी, बकल दोनदा लावून काढावे, आणि मग ते अंगावर चढवून मागून कोणाला तरी खांद्यापाशी वर ओढायला सांगावे. जॅकेट हनुवटीवरून निसटत असेल तर पाण्यात पडल्यावर त्याचा उपयोग नाही. ‘जॅकेट होडीत पडलेले असते, लागले तर घालू’ हे उत्तर ऐकून पुढचे काहीही विचारण्याची गरज उरत नाही. गोल टोपलीसारख्या तराफ्यावर उथळ पाण्यात कुशल माणूस आरामात फिरतो, पण मोठ्या जलाशयाच्या मोकळ्या पाण्यावर वारा सुटला की तो एकाच जागी गरगरू लागतो. नवख्याने त्यात बसून लांब जाऊ नये.

हवेबद्दल वाटाड्याचा शब्द शेवटचा राहील असे आधीच मान्य करावे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर ढग भरून आले की वळीव केव्हा कोसळेल याचा नेम नसतो, आणि उघड्या पाण्यावर कार्बनचा लांब रॉड उभा धरून बसणे म्हणजे विजेला आमंत्रण देणे होय. गळाला मासा खेळत असतानाही जो ‘आता काठाला लागू या’ म्हणतो, त्याच्यावर चिडू नये. त्या सल्ल्यासाठीच आपण पैसे मोजलेले असतात. धरणाच्या भिंतीखालच्या नदीपात्रात नेणाऱ्याला मात्र स्पष्ट नकार द्यावा, कारण दरवाजे उघडले की पाणी चढायला फार वेळ लागत नाही.

काठावरच्या पुष्कळ जाणत्या मच्छीमारांची बोली कन्नड असते. आपल्याला कन्नड येत नसेल तर व्यवहार ठरवताना दोन्ही भाषा येणारा ओळखीचा माणूस सोबत घ्यावा, आणि बस, थांब, हलू नको, उडी मारू नको असे चार-पाच शब्द एकमेकांकडून पाठ करून घ्यावेत. ‘अण्णा’ म्हणून हाक मारून, चहा घेऊन, सावकाश बोलले की बरीच माहिती न विचारताही मिळते. घाई करणाऱ्या गिऱ्हाईकाला खरे सांगण्याची इच्छा कोणालाच होत नाही.

पैशांच्या बाबतीत दिवसाचे किती, त्यात होडी, डिझेल, आमिष आणि जॅकेट धरलेले आहे का, मासा न मिळाल्यास काय, आणि हवा बिघडून लवकर परतावे लागल्यास किती द्यायचे, हे एका मेसेजमध्ये लिहून त्याचे उत्तर घ्यावे. आगाऊ रक्कम थोडीच द्यावी आणि ती ज्याच्या होडीत बसणार आहोत त्याच्याच नावावर पाठवावी. दुसऱ्याच नावाच्या खात्यावर सगळी रक्कम मागितली गेली, तर तो मध्यस्थ आहे असे समजून प्रत्यक्ष होडीवाल्याशी फोनवर बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये. घासाघीस करून दर फार खाली आणू नये, कारण कापलेले पैसे शेवटी डिझेलमधून किंवा जॅकेटमधूनच वसूल होतात.

पहिल्या वेळी पूर्ण दिवस न ठरवता पहाटेपासून दहा वाजेपर्यंतचाच वेळ घ्यावा, तोही काठाच्या आसपास. निघण्यापूर्वी होडीवाल्याचे नाव, त्याचा नंबर, कोणत्या गावच्या काठावरून निघणार आणि केव्हा परतणार हे घरी कळवून ठेवावे, आणि खोऱ्यात रेंज कुठे जाते हे त्याला विचारून घ्यावे, म्हणजे गरज पडल्यास ११२ला फोन कोणत्या ठिकाणाहून लागेल हे आधीच माहीत असेल. त्या चार तासांत त्याने सांगितलेली जागा, पाण्याची खोली आणि परतण्याची वेळ त्याच्या बोलण्याशी जुळली, तर पुढच्या खेपेला दिवसभराचे ठरवून दूरच्या पाण्यावर जायला हरकत नाही.